आक्काताईच्या सोप्यातली शाळा

आक्काताईचं नाव काढलं की आमच्या गल्लीत अजून माणसं खाली बघत्यात. एखादी बाई बोटं मोडती. मी मात्र बोलणार, कारण आक्काची भिंत आन माझी भिंत एकच हाय. मी मलिका. गल्लीच्या तोंडाला पिठाची गिरणी हाय ती माझी. आन एक आधीच सांगून ठेवतो, आमच्या हिकडं बायकाबी 'आलो, गेलो'च म्हणत्यात. पुण्यामुंबईच्या पावण्यांनी हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या. पुढं हसायसारखं काय न्हाय.

आक्का म्हणजे आवाज. कळंब्याच्या पुढं आमचं गाव, आता निम्मं शहर झालंय, तरी आक्का सकाळी म्हशीवर वरडली की तळ्यापर्यंत ऐकू जायचं. नवरा आकाराम शिरोलीला फाउंड्रीत, तोंडातनं शब्द काढायचा न्हाय, म्हणून त्याच्या वाटणीचंबी हीच बोलायची. दारावरनं जाणाऱ्याला च्या पाजल्याशिवाय सोडायची न्हाय, आन नको म्हटलं तर भांडायची. माझी मुस्कान झाली तवा सासूच्या आधी आक्का आली, किटलीभर दूध घेऊन. सासूला म्हणाली, "म्हातारे, हिला उपाशी ठेवलीस तर गाठ माझ्याशी हाय." सासू तिला भ्यायची. मीबी थोडी भ्यायचो.

तिला दुखणं एकच. सातवीत बापानं तिला शाळेतनं काढली, का तर थोरल्या भावाच्या लग्नात म्हशीकडं बघायला कोण न्हाय. लग्न उरकलं, म्हशी ऱ्हायल्या, आक्काची शाळा गेली ती गेलीच. हे ती हसत सांगायची, पण सांगताना हातातलं काम थांबायचं. म्हणून पोरीवर, प्रीतीवर, तिचा सगळा जीव. प्रीतीला ती शेणात हात घालू द्यायची न्हाय. "माझी पोरगी मास्तरीण हुणार," म्हणायची. "म्हशीनं तिला वळखूच नये." प्रीती लाजून आत पळायची. पोरगी हुशार होती, गणितात तर लईच.

रोगाचं दुसरं वरीस सगळ्यात वंगाळ गेलं. पहिल्या वर्षी आम्ही एकमेकांच्या मास्कवरनं चेष्टा केली. दुसऱ्या वर्षी चेष्टा करणारी माणसंच जायला लागली. ॲम्ब्युलन्स यायची ती भोंगा न वाजवता यायची, आन त्याचीच जास्त भीती वाटायची. गावातल्या हायस्कुलात पेशंट ठेवलेले. वर्गात खाटा, आन बाकडी मैदानात पावसात भिजत पडलेली. कुणाला न्यायचं झालं की लोक म्हणायची, "त्याला शाळेत नेलं." शाळेत नेलेलं माणूस कधी परत यायचं, कधी न्हाय. बारकी पोरं शाळेचं नाव काढलं की रडायला लागली.

आन दुसरी गोष्ट दुधाची. ज्या घरात पेशंट निघाला त्या घराचं दूध कोण घेत नव्हतं. असा काय सरकारचा नियम नव्हता, लोकांनीच आपापलं ठरवलं होतं. किटली घेऊन आलेल्या बाईला दारातनंच मागं फिरवायचे. वरल्या आळीतल्या बायडाबाईनं सगळ्यांच्या देखत दूध गटारीत वतलं. म्हस काय ऐकती व्हय? सांजच्याला पुन्हा तेवढंच. बायडाबाईचं पेशंट बरं झालं तरी तिच्या दारावरनं जाताना लोक पदर नाकाला लावायची. म्हणून आमच्या गावात ताप कुणाला येतच नव्हता. सगळ्यांना उन्ह बाधायचं, पित्त व्हायचं, कावीळ व्हायची. ताप न्हाय.

पोरांची शाळा तेवढी फोनवर. सर विचारायचे, "माझा आवाज येतोय का?" पोरं म्हणायची, "येतोय सर," आन कुणाच्या टाळक्यात काय शिरत नव्हतं. मुस्कान फोन घेऊन गिरणीच्या पत्र्यावर चढून बसायची, रेंजसाठी. मी खालनं शिव्या द्यायचो.

मग जूनमध्ये प्रसेनजीत सर आले. हायस्कुलात गणित शिकवायचे. तरणं पोरगं, मूळचं मुरगूडचं, कळंब्यात खोली घेऊन ऱ्हायचं. फोनवर पोरं वाया चालल्यात म्हणून दारोदार फिरून जागा मागत होते. चार पोरं लांब लांब बसवून शिकवतो म्हणाले. देवळाची कमिटी नको म्हणाली, तालीमवाले नको म्हणाले, ग्रामपंचायतीनं वर बोट दाखवलं. आक्का दारात उभी होती. म्हणाली, "आमचा सोपा काय वाईट हाय व्हय सर? या की हिकडं." सोपा म्हणजे घराचा म्होरला भाग, वरती कौलं, दोन बाजू उघड्या. शेणानं सारवून तिनं आपल्या हातानं पोरांना बसायला खुणा करून दिल्या.

गल्लीला जरा जीव आला. एका अंगाला बारकी पोरं पाढे म्हणायची, दुसऱ्या अंगाला थोरल्यांचं गणित. प्रीती दहावीला, माझी मुस्कान आठवीला. सर सायकलीवरनं यायचे, आन आले की आक्का पेलाभर गरम दूध त्यांच्या म्होरं ठेवायची. "मावशी, रोज नको," म्हणायचे. आक्का म्हणायची, "मग रोज येऊ नका." एकदा ते म्हणाले, प्रीती बोर्डात येईल अशी पोरगी हाय, हिला डोळ्यांत तेल घालून जपा. आक्का त्या दिवशी गिरणीत येऊन नुसती उभी ऱ्हायली. डोळं भरलेलं. मी म्हटलं, "काय झालं गं आक्का?" म्हणाली, "काय न्हाय, दळण कवा आणू ते इचारायला आलतो."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आकाराम पाळीवरनं आला तो अंग तापवूनच आला.

हे मला तवा म्हाईत नव्हतं. नंतर प्रीतीनं सांगितलं, म्हणून जसं झालं तसं सांगतो. आक्कानं त्याला सोप्याच्या मागच्या खोलीत ठेवला आन दार लावून घेतलं. मधी एक भिंत आन एक उंबरा, बस. प्रीती म्हणाली, "आई, वर्ग बंद करू या." आक्का म्हणाली, "बंद केला तर लोक इचारत्याल का बंद केला. आज इचारत्याल, उद्या तपासणीवाली आशाताई दारात, परवा तुझा बा शाळेत. मग दूध गटारीत, आन तुला कोण जवळ बसवून घेणार हाय? तुझं दहावीचं वरीस हाय, कळतंय का?" प्रीती म्हणाली, "पण सरांना तर सांग." आक्का म्हणाली, "सरांना सांगितलं की सरांना वर्ग बंद करायलाच लागणार. गप बस."

तिचं गणित तिला बरोबर वाटत होतं. भीतीपोटी माणूस कसं बारीक बारीक हिशेब करतं बघा. सोपा उघडा ऱ्हायला तर संशय यायचा न्हाय, म्हणून ज्या घरात जायला नको तेच घर सगळ्यात उघडं ठेवलेलं.

पहिल्याच दिवशी मधल्या येळेला आतनं खोकला आला. खोल, कोरडा, थांबायचं नावच न घेणारा. पोरं पाढे म्हणता म्हणता गप्प झाली. सरांनी मान वर केली. आक्का गोठ्यातनं धावत आली आन कमरेवर हात ठिवून म्हणाली, "का थांबला रं? म्हणा की मोठ्यानं. आमच्या येळंला पाढे म्हटले की गावभर ऐकू जायचे." पोरं वरडायला लागली. सर हसले. "मावशी, जरा हळू चाललं तरी चालेल." "न्हाय न्हाय सर. हळू म्हटलेलं डोक्यात ऱ्हात न्हाय," आक्का म्हणाली, आन प्रीतीकडं बघितलं. प्रीतीनं म्होरं हून पाढा लावून धरला.

तवापासनं रोजचं तेच झालं. आतनं खोकला आला की आक्का हाळी द्यायची, "मोठ्यानं," आन प्रीती एकोणीस, एकोणतीस काय सुचंल ते सुरू करायची. मी भिंतीपलीकडनं ऐकायचो. गिरणी थांबवून ऐकत बसायचो, कौतुकानं. मुस्कान घसा बसवून घरी यायची. "अम्मी, आक्कामावशी वरडायला लावत्यात," म्हणायची. मी तिला मिठाच्या गुळण्या करायला लावायचो आन म्हणायचो, एवढं शिकवायलेत तर वरड की.

आक्काचा स्वतःचा आवाज मात्र कुठं गेला? म्हशीवर वरडत नव्हती, गिरणीत येत नव्हती. तांदूळ भरडून न्यायला प्रीती आली, ती रस्त्यातच उभी ऱ्हायली, डबा पायरीवर ठेवून मागं सरली. मी विचारलं, "भरड कशाला गं, कोण आजारी हाय?" म्हणाली, "रेडकाला बरं न्हाय, चाची." मी म्हटलं, रेडकाला पेज पाजणारी आक्काच. आन दळून दिलं.

त्याच आठवड्यात सरांनी पोरांना सोप्यातनं अंगणात हलवलं. म्हशीच्या पत्र्याखाली, भिंतीपासनं लांब. उजेड बरा हाय म्हणाले. प्रीती काय तिकडं गेली न्हाय. ती उंबऱ्यापाशी, एकटीच, कोपऱ्यात अंग चोरून बसायची. बोलावलं तरी उठायची न्हाय. मुस्कान घरी येऊन सांगायची, प्रीतीताईला गर्व झालाय. सर तासाचा निम्मा वेळ अंगणात शिकवायचे आन निम्मा वेळ सोप्यात जाऊन प्रीतीजवळ बसायचे, तिची वही तपासायचे. आक्का दूध आणून ठेवायची. मास्क खाली करून सर ते प्यायचे.

एका सोमवारी सर आले न्हाईत. फोनवर निरोप आला, अंग दुखतंय, उद्या बघू. पोरं घरी गेली. आक्का सोप्यात खराटा घेऊन उभी होती, झाडायचं इसरून. मग कळलं सरांना सरकारी दवाखान्यात नेलंय. ऑक्सिजनचा बेड मिळाला म्हटल्यावर सगळ्या गल्लीनं निःश्वास टाकला, बेड मिळाला म्हणजे माणूस वाचलं असंच तवा वाटायचं. आशाताईनं सगळ्या पोरांच्या नाकात काडी घातली. मुस्कानचा रिपोर्ट येईस्तोवर मी गिरणी सुरू केली न्हाय. आमच्या कुणाच्या पोराला काय निघालं न्हाय. प्रीतीला त्या दिवशी आक्कानं मामाकडं धाडली होती.

आकाराम उठून बसला. दाढी वाढलेली, गालं आत गेलेली. कावीळ झालती म्हणाला आन कामावर गेला.

सर गेले. मुरगूडला न्हेलंच न्हाय, हिथंच उरकलं. आईला तोंडसुद्धा दाखवलं न्हाय. लग्न व्हायचं होतं पोराचं.

प्रीती गिरणीत आली ती भरपावसात आली. आत ये म्हटलं तर येईना. पावसातच उभी राहून तिनं मला सगळं सांगितलं. खोकला, पाढे, भरडीचे तांदूळ, आपल्यापासनं कुणाला लागू नये म्हणून उंबऱ्यापाशी एकटीनं बसणं, मामाचं गाव. "मीच मोठ्यानं म्हणायला लावायचो सगळ्यांना," म्हणाली, आन तिचे दात वाजायला लागले. मी गिरणीचं बटण बंद केलं. मग असा राग आला, असा राग आला, मी तशीच उठून आक्काच्या दारात गेलो. "माझी पोरगी बसवलीस तू तिथं," म्हटलं. "माझी मुस्कान. जिला तू दूध आणून दिलंतंस." पुढं जे बोललो ते हिथं सांगण्यासारखं न्हाय. गल्लीनं ऐकलं. आक्का म्हशीच्या कासेखाली बसली होती, ती तशीच बसून ऱ्हायली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिचं दूध मग बंदच झालं. कुणी बोललं न्हाय, बंद झालं.

दिवाळीच्या आधी शाळा उघडली. खाटा गेल्या, वर्ग औषधानं धुतले, बाकडी आत गेली. सगळी पोरं आखूड झालेले गणवेश घालून गेली. प्रीती गेली न्हाय. आक्कानं विनवण्या केल्या, रडली, एकदा हात उगारला. प्रीती गोठ्यात शेण भरत बसायची, मुद्दाम, आईच्या डोळ्यांदेखत. म्हणायची एकच, "सरांच्या आईला जाऊन सांग. मग जातो शाळंला." आक्का म्हणायची, "काय सांगू गं त्या माऊलीला?" "मला जे करायला लावलंस ते सांग."

एवढे दिवस आक्काची माझी तोंडं बंद होती. एक दिवस ती भिंतीपलीकडनं म्हणाली, "मलिका, माझ्यासंगं मुरगूडला येशील?" मी गेलो. प्रीतीबी संगं आली. माया आली म्हणून मी गेलो असं न्हाय. मला तिच्या तोंडनं ते ऐकायचं होतं.

मुरगूडला सरांचं घर शोधायला लागलं न्हाय, नाव घेतलं की पोरांनी दाखवलं. आई बाळाबाई, साठीच्या आत-बाहेरची, शेतावर राबून वाळलेली बाई. तांदूळ निवडत होती. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आन त्यांच्या खाली सरांचा फोटो, कॉलेजातला असावा, हसताना. "या पावणं, बसा," म्हणाली. मी म्हटलं, "आम्ही कळंब्याकडनं आलोय. सर ज्या सोप्यात शिकवायचे तिथल्या." बाईचा हात तांदळात थांबला. उठून तिनं तांब्या आणला, मला पाणी दिलं, प्रीतीला दिलं.

आक्का दारातच उभी होती. जिचा आवाज तळ्यापर्यंत जायचा तिचे ओठ नुसते हलत होते. प्रीती तिच्याकडं एकटक बघत होती, मदत करत नव्हती. मीबी केली न्हाय.

"माझ्या घरात ताप व्हता," आक्का म्हणाली. इतक्या हळू की मला पुढं वाकायला लागलं. "मालकांना. मी लपिवला. सरांना सांगितलं न्हाय."

बाळाबाईनं फोटोकडं बघितलं.

"म्हाईत हाय," म्हणाली. "त्याला म्हाईत व्हतं. रविवारी आलता तवा सांगत व्हता. त्या घरात कोणतरी खोकतंय आई, आन पोरांना वरडायला लावून झाकायलेत. मी म्हटलं, मग जाऊ नको. तर म्हणाला, पोरं लांब बसवलीत अंगणात. पण एक पोरगी हाय, ती आपणहून उंबऱ्यापाशी बसती, कुणात मिसळत न्हाय. तिला तशीच कशी सोडू." तिनं ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "त्याच्या आज्ज्याला शाळेत वर्गाच्या भाईर बसवत व्हते. पावसात, उन्हात, दाराबाहेर. आमच्या घरात कुणाला असं एकटं बसवलेलं बघवत न्हाय. मी त्याला आडवू शकलो न्हाय."

प्रीतीनं तोंडावर हात दाबून धरला. तिला वाटत होतं सरांना कळलंच न्हाय. त्यांना कळलं होतं, आन कळून ते तिच्याजवळ येऊन बसत होते.

"तूच का ती?" बाळाबाईनं विचारलं. प्रीतीनं मान हलवली.

"कितवीला हाईस?"

"दहावी."

"आज शाळा हाय न्हवं?"

"हाय."

"मग हिथं काय करायलीस?" बाळाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला न्हाय, पण मला तिथनं उठून पळावंसं वाटलं. "उद्यापासनं जायचं. पयल्या बाकड्यावर बसायचं, सगळ्यांच्या मधी. एक दिस चुकलीस असं कानावर आलं तर मी चालत येईन तुझ्या दारात."

आक्काला ती बस म्हणाली न्हाय. पाणीबी दिलं न्हाय. आम्ही निघालो तवा पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

दुसऱ्या दिवसापासनं प्रीती शाळेला गेली. पाऊस असो, डोकं दुखो, एक दिवस चुकवला न्हाय. दहावी झाली, बारावी झाली, आता कोल्हापुरात बी.एस्सी.ला हाय, गणित घेऊन. मास्तरीण हुणार. आक्काला आयुष्यात जे एक पाहिजे होतं ते मिळालं. पोरगी सुट्टीला येती, माझ्या गिरणीत बसती, मुस्कानला शिकवती. आईच्या घरात ती झोपायला जाती, आन तिच्याशी कामापुरतं बोलती.